पाकीट पोचलं का?

पोर्ट ब्लेअरला बदली झाली की मराठी मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सेल्युलर जेल पाहिलंस का? पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि त्यावर वेगळं लिहीन. (गावाचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, माझ्या जिभेवर मात्र अजून पोर्ट ब्लेअरच बसलंय, म्हणून तेच लिहितो.) आज लिहायचंय ते इथे आल्यापासून डोक्यात घोळणाऱ्या एका वेगळ्याच गोष्टीवर. सिग्नल्सच्या माणसाला बेटं दिसली की आधी नारळ दिसत नाहीत. दोन बेटांमधलं पाणी दिसतं, ज्यात टेलिफोनचे खांब रोवता येत नाहीत. नेमक्या याच अडचणीतून पन्नासेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका महासागरातल्या बेटांवर, निरोप पाठवायची एक नवी रीत निघाली. पुढे ती हौशी रेडिओवाल्यांच्या हातात पडली, त्यांनी ती घरच्या टेबलावर सोल्डरिंग करून बांधली, सुधारली, आणि तिच्यातली काही सूत्रं आज तुमच्या खिशातला फोन वापरतो. त्या रीतीचं नाव पॅकेट रेडिओ.

नेहमीचा खुलासा: लष्कराचे संच, आमची जाळी, यांबद्दल इथे एक अक्षरही नसेल. हा इतिहास हौशी लोकांचा आहे आणि तो पहिल्या दिवसापासून उघड्यावर घडलेला आहे.

नॉर्मन अब्रॅमसन हे हवाई विद्यापीठातले प्राध्यापक. सर्फिंगच्या ओढीने आपण तिथे गेलो असं ते स्वतः सांगत, आणि मला हे कारण पूर्ण पटतं. आमच्यातही पोस्टिंगची पसंती लिहिताना ट्राउट मासा डोळ्यांसमोर ठेवून काश्मीर लिहिणारे आहेत. विद्यापीठाचा मोठा कॉम्प्युटर ओआहू बेटावर, कॉलेजं इतर बेटांवरही, आणि टेलिफोनच्या लाइन महाग नि बेभरवशाच्या. शिवाय कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस सतत काही बोलत नसतो. एक ओळ टाइप करतो, डोकं खाजवतो, मग दुसरी ओळ. त्या एका ओळीसाठी अख्खी लाइन दिवसभर धरून ठेवायची म्हणजे एका पत्रासाठी अख्खी रेल्वेगाडी राखून ठेवण्यासारखं.

म्हणून अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या टर्मिनलना मिळून एकच रेडिओ चॅनल दिलं. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, कुणाची परवानगी मागू नये. निरोपाचं छोटं पाकीट करायचं, त्यावर पत्ता घालायचा, शेवटी तपासणीचा आकडा जोडायचा. मधल्या स्टेशनला ते नीट मिळालं तर ते पोच देईल. दोघांची पाकिटं हवेत एकमेकांवर आदळली तर दोन्ही खराब, पोच कुणालाच नाही. मग दोघांनीही थांबून परत पाठवायचं, पण किती थांबायचं ते प्रत्येकाने जणू फासे टाकून ठरवायचं, म्हणजे दोघं पुन्हा एकाच क्षणी तोंड उघडणार नाहीत. जून १९७१ मध्ये हे चालू झालं, सेकंदाला ९६०० बिट वेगाने. नाव अलोहानेट. मधल्या यंत्राला त्यांनी मेनेहुने म्हटलं. हवाईच्या दंतकथांमध्ये रात्रीत गुपचूप कामं उरकणारे बुटके लोक असतात, त्यांच्यावरून.

फौजेत वाढलेल्या माणसाला हे वाचताना घाम फुटतो. व्हॉइस नेटवर एक कंट्रोल स्टेशन असतं, बाकीचे त्याच्या शिस्तीत बोलतात, आणि मधेच कुणी घुसला तर संध्याकाळी त्याची खरडपट्टी निघते. इथे तर बेशिस्तच नियम म्हणून मांडलेली! आणि तिची किंमतही त्यांनी आधीच मोजली होती. अशा मनमोकळ्या चॅनलचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो, बाकीचा टकरींमध्ये आणि शांततेत जातो. पुढे ठरावीक ठोक्यावरच बोलायचं अशी अट घातल्यावर तो आकडा दुप्पट, ३७ टक्क्यांच्या आसपास गेला. कागदावर हे नापास विद्यार्थ्याचे गुण आहेत. पण या १८ टक्क्यांसाठी कंट्रोल लागत नाही, वेळापत्रक लागत नाही, आणि एखादं टर्मिनल बंद पडलं तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. तारेवरच्या नेटवर्कमध्ये हीच युक्ती वापरून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना मांडली. पण ती वाट तारेची झाली. आपली वाट हवेतली.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, हा प्रकार ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी चार ओळी. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळतो, त्यासोबत स्वतःची खूण, म्हणजे कॉल साइन मिळते. संच स्वतः बांधायची मुभा असते. पैसे घेऊन निरोप नेता येत नाही, आणि सांकेतिक भाषेत बोलता येत नाही: जे बोलाल ते कुणालाही समजलं पाहिजे. ही शेवटची अट लक्षात ठेवा, तिचं मोल पुढे कळेल.

सत्तरच्या दशकात घरी कॉम्प्युटर बांधणारे आणि घरी रेडिओ बांधणारे बरेचदा तेच लोक होते. दोन्ही जोडायचा मोह होणारच. अमेरिकेत मात्र नियम आडवे आले. हौशींना मोर्स आणि जुना टेलिप्रिंटर कोड चालत होता, कॉम्प्युटरचा आस्की कोड नाही. कॅनडाच्या सरकारने १९७८ मध्ये दार उघडलं. ३१ मे १९७८ रोजी मॉन्ट्रियलमध्ये रॉबर्ट रूलो यांच्या पुढाकाराने हौशींचं पहिलं पॅकेट हवेत गेलं. व्हँकुव्हरमध्ये डग लॉकहार्ट यांच्या गटाने एक छोटा बोर्ड तयार केला, एका बाजूला टर्मिनल, दुसऱ्या बाजूला रेडिओ, मधे पाकीट बांधणारा-सोडणारा कारकून. त्याला त्यांनी टर्मिनल नोड कंट्रोलर म्हटलं. टीएनसी हे नाव तिथून आलं. मार्च १९८० मध्ये अमेरिकेने आस्कीला परवानगी दिली, आणि त्याच डिसेंबरात हँक मॅग्नुस्की यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात एक डिजिपीटर सुरू केला: मिळालेलं पाकीट जसंच्या तसं पुन्हा हवेत सोडणारं स्टेशन. अॅरिझोनातल्या टक्सनच्या मंडळींनी पुढच्या दोन वर्षांत टीएपीआर नावाची संस्था काढली. त्यांचा टीएनसी-२ हा किट १९८५ चा: झेड-८० प्रोसेसर, थोडी मेमरी, आणि मॉडेमसाठी एक्सआर-२२०६ नि एक्सआर-२२११ या दोन चिप. किट म्हणजे सुटे भाग, कोरा बोर्ड आणि जाडजूड पुस्तिका. पुढे कंपन्यांनी त्याच आराखड्यावर तयार डबे काढून विकले. आराखडा लपवलेला नव्हता, लपवायचा हेतूच नव्हता.

एकमेकांशी बोलायला भाषा एक लागते. टेलिफोन कंपन्यांचा एक्स.२५ हा प्रोटोकॉल घेऊन त्यात पत्त्याच्या जागी कॉल साइन बसवली आणि एएक्स.२५ तयार झाला. त्याची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर १९८४ मध्ये छापून आली. कॉल साइन पत्त्यात बसवणं ही नुसती सोय नव्हती. कायद्याने प्रत्येक प्रक्षेपणात स्वतःची ओळख द्यावीच लागते, ती आता प्रत्येक पाकिटाच्या दर्शनी भागावर आपोआप छापली जाऊ लागली.

हे पाकीट आतून कसं असतं ते सांगायला मला आमच्या घरच्या पत्रांची मदत घ्यावी लागेल. नवीन लग्न झालं तेव्हा मी एका उंच ठिकाणच्या पोस्टवर होतो. पत्ता ५६ एपीओ, डाक हेलिकॉप्टरने, हेलिकॉप्टर हवामानाच्या लहरीवर. पहिल्या महिन्यातच बायकोने पत्राच्या कोपऱ्यात नंबर घालायला सुरुवात केली. फौजी घरांमध्ये ही जुनी पद्धत आहे, तिच्या सासूनेच तिला शिकवली. मी उत्तरात लिहायचं: चार, पाच, सात मिळाली, सहा नाही. मग ती सहामधला महत्त्वाचा मजकूर परत लिहायची. एएक्स.२५ मध्ये अगदी हेच चालतं. पाकिटांना ० ते ७ असे नंबर, मग परत शून्यापासून. समोरचा सांगतो, माझ्याकडे अमुक नंबरपर्यंत आलं, पुढचं सोड. पोच न मिळालेली सातपेक्षा जास्त पाकिटं एका वेळी हवेत ठेवता येत नाहीत, नाहीतर जुना तीन नंबर कुठला आणि नवा कुठला हा घोळ होईल.

पाकिटाच्या सुरुवातीला आणि शेवटी ०१११११०१ नव्हे, तर ०११११११० ही खूण असते, सलग सहा एक. (हा फरक मुद्दाम दाखवला, एक बिट इकडचा तिकडे झाला तर काय होतं ते कळावं.) मग मजकुरातच कुठे सलग सहा एक आले तर? पाठवणारा पाच एक झाले की न विचारता एक शून्य घुसवतो, घेणारा तो काढून टाकतो. शेवटी सोळा बिटांचा तपासणीचा आकडा. तो जुळला नाही तर पाकीट केराच्या टोपलीत, पोच नाही. अर्धवट बरोबर असा प्रकारच नाही.

हवेत हे सगळं दोन सुरांनी जातं: १२०० हर्ट्झ आणि २२०० हर्ट्झ. जुन्या टेलिफोन मॉडेमचं हे मानक, त्यामुळे चिप सहज आणि स्वस्तात मिळत. वेग सेकंदाला १२०० बिट. ऐकायला खर्रर्र असा लहानसा चिरका आवाज. २५६ अक्षरांचं भरलेलं पाकीट पावणेदोन सेकंदांत जातं, पण त्याआधी रेडिओला ऐकण्याच्या स्थितीतून बोलण्याच्या स्थितीत यायला जो वेळ लागतो तो वेगळा. पुस्तकं प्रोटोकॉलवर पानंच्या पानं लिहितात. प्रत्यक्षात नवख्याची लिंक अडते ती बहुधा या काही मिलिसेकंदांत.

महूला डिग्री कोर्स करत होतो तेव्हा असा एक मॉडेम आम्ही बांधला. आराखडा बवेरियातल्या हौशींचा, बेकॉम या नावाचा. त्याची कमाल ही की त्यात झेड-८० वगैरे काहीच नाही. टीसीएम-३१०५ ही एकच मॉडेम चिप, चार किरकोळ भाग, आणि वीज थेट कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टमधून. पाकीट बांधायचं-सोडायचं काम कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम करतो. चिप तोवर दुर्मिळ झाली होती. सुट्टीवरून येताना लॅमिंग्टन रोडवर पाच दुकानं पालथी घातल्यावर एका गल्लीतल्या माळ्यावर दोन मिळाल्या. क्रिस्टल मात्र कुठेही मिळाला असता: ४.४३३६ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्याकडच्या रंगीत टीव्हीत जो असतो तोच. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या डब्यातून तो निघाला. परवाना असलेल्या एका मित्राच्या संचाला जोडून आम्ही हॉस्टेलच्या दोन टोकांना लिंक लावली.

आमच्यासोबत एक सुभेदार साहेब होते, साताऱ्याकडचे, नोकरी संपत आलेली. समोरून चिरका आवाज ऐकू आल्यावर आम्ही सगळे खूश झालो, तर ते म्हणाले, “सर, आवाज येतोय म्हणजे लिंक लागली असं समजू नका. समोरचा ‘मिळालं’ म्हणत नाही तोवर काहीच गेलेलं नाही.” चाळीस वर्षांच्या प्रोटोकॉल-वाङ्मयात याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

आता या इतिहासातला माझ्या आवडीचा भाग. तारेवर आधी ऐका मग बोला हा नियम उत्तम चालतो, कारण सगळे एकाच तारेवर सगळ्यांना ऐकतात. डोंगरात तसं नाही. मधल्या कड्यावर एक पोस्ट, दोन्ही बाजूंच्या दऱ्यांत एकेक. दऱ्यांतल्या दोघांना कडा ऐकू येतो, एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. डावीकडच्याने कान दिला, शांतता आहे, बोलला. उजवीकडच्यानेही कान दिला, शांतता आहे, बोलला. कड्यावरच्याला नुसता गोंगाट. दोघांनी शिस्त पाळली आणि तरीही निरोप गेले नाहीत. उंचावर डिजिपीटर बसवणाऱ्या प्रत्येक हौशी गटाला हा अनुभव आला, आणि १२०० बिटांच्या अरुंद चॅनलवर तो असह्य होता.

फिल कार्न हे अमेरिकन इंजिनियर आणि हॅम. त्यांची कॉल साइन केए९क्यू. त्यांनी ऐंशीच्या दशकात इंटरनेटची टीसीपी-आयपी ही भाषा साध्या घरगुती कॉम्प्युटरवर आणि पॅकेट रेडिओवर चालवली, प्रोग्रॅम सगळ्यांना वाटला. दऱ्यांतल्या त्या दोघांसाठी त्यांनी १९९० मध्ये उपाय मांडला: बोलायच्या आधी एक अगदी छोटं पाकीट पाठवा, ‘मला इतकं बोलायचंय’. कड्यावरचा म्हणेल, ‘बोल, इतका वेळ’. हे उत्तर दुसऱ्या दरीतल्यालाही ऐकू येतं, तो तेवढा वेळ गप्प बसतो. आधी कान देऊन पाहण्यापेक्षा, ज्याला ऐकायचंय त्यालाच विचारा. ही देवाणघेवाण नंतर वाय-फायच्या मानकात गेली. हा निबंध त्यांनी वाचला तो हौशींच्याच एका परिषदेत.

त्यांचं दुसरं काम त्याआधीचं, १९८७ चं, क्रेग पार्ट्रिज यांच्यासोबतचं. परत आमच्या पत्रांकडे या. बायकोने सहा नंबरचं पत्र पाठवलं, तीन आठवडे उत्तर नाही, म्हणून तेच परत पाठवलं. चार दिवसांनी माझं उत्तर आलं: सहा मिळालं. आता डाकेला किती दिवस लागतात? पहिल्या पत्राचं उत्तर असेल तर पंचवीस दिवस, दुसऱ्याचं असेल तर चार. कळायला मार्ग नाही. चार धरले तर ती पुढच्या वेळी पाचव्या दिवशीच घाबरून परत लिहील, आणि हेलिकॉप्टरमध्ये एकाच मजकुराची पोतीच्या पोती भरतील. कार्न यांचा नियम असा: जे पाकीट परत पाठवावं लागलं, त्याची वेळ हिशोबात धरूच नका, आणि वाट पाहण्याची वाढवलेली मुदत लगेच कमी करू नका. वाचायला बाळबोध वाटतो, पण भरवशाच्या तारेवर काम करणाऱ्यांना त्याची निकड तितकी जाणवत नव्हती. निरोप हरवणं ही ज्यांची रोजची गोष्ट होती अशा चॅनलवर झगडणाऱ्याला तो सुचला. आज टीसीपी वापरणाऱ्या प्रत्येक यंत्रात हा नियम बसलेला आहे.

आणि इथे ती जुनी अट कामाला आली. सांकेतिक बोलायला बंदी, पैसे घ्यायला बंदी. त्यामुळे कुणाच्या चॅनलवर काय चुकतंय ते शेजारच्या गावातला हौशी ऐकू शकत होता, टिपून घेऊ शकत होता, सुधारून परत पाठवू शकत होता. मी ज्या धंद्यात आहे तिथे याच्या उलट असावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गुप्त वस्तूची सुधारणा ती हाताळणाऱ्या मोजक्या डोक्यांवर अवलंबून राहते हे मान्य करायला हवं.

पुढचं थोडक्यात. नव्वदच्या दशकापर्यंत हौशींची टपाल-स्टेशनं एकमेकांना पत्रं पुढे पाठवत होती, कुठे व्हीएचएफवर, कुठे लांब पल्ल्याच्या एचएफवर सेकंदाला ३०० बिट अशा मुंगीच्या वेगाने. भारतातही काही शहरांतल्या हौशींनी पॅकेट चालवलं. जानेवारी १९९० मध्ये गेलेल्या यूओसॅट-३ या इंग्लंडच्या छोट्या उपग्रहाने निरोप पोटात साठवून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला उतरवला. आफ्रिकेतल्या डॉक्टरांपर्यंत वैद्यकीय माहिती नेण्यासाठीही तो वापरला गेला. मग स्वस्त इंटरनेट आलं आणि टपाल-स्टेशनं ओस पडली. साहजिकच होतं. एक गंमत मात्र सांगायला हवी: १९८१ मध्येच, इंटरनेटचे पत्ते कुणी विचारत नव्हतं तेव्हा, मॅग्नुस्की यांनी हौशींसाठी ४४ ने सुरू होणारे सगळे पत्ते मागून ठेवले होते, एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त. २०१९ मध्ये त्यातला चौथा हिस्सा अॅमेझॉनने दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतला, आणि त्या पैशातून आता हौशी नि उघड्या तंत्रज्ञानाला अनुदानं दिली जातात. आमच्याकडे एखाद्या शहाण्या क्वार्टरमास्टरने वेळीच मागून ठेवलेली जागा असते, तसंच हे.

पॅकेटची एक फांदी जगली. अमेरिकन नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी एपीआरएस ही पद्धत काढली. त्यात पत्रव्यवहार नाही, पोचेचा आग्रह नाही. प्रत्येकजण आपली जागा आणि दोन शब्द थोड्या थोड्या वेळाने हवेत सोडतो, ऐकणाऱ्यांच्या नकाशावर ठिपका उमटतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही १४५.८२५ मेगाहर्ट्झवर असा डिजिपीटर चालतो. १ एप्रिल २०१९ च्या पीएसएलव्ही-सी४५ मोहिमेत इस्रोने रॉकेटचा चौथा टप्पा टाकून न देता कक्षेत कामाला लावला, त्यावर अॅमसॅट-इंडियाचा एपीआरएस डिजिपीटर होता. आणि पुणेकरांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट त्याआधीची: २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ मधून गेलेला ‘स्वयम्’. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, वजन जेमतेम एक किलो. दिशा सांभाळायला त्यात मोटर वगैरे नव्हती. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहणारे चुंबक होते. आणि काम कुठलं? एका ठिकाणच्या हौशीचा निरोप घ्यायचा, साठवायचा, दुसऱ्या ठिकाणी द्यायचा. शनिवारवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, अलोहानेटचा पणतू बांधला गेला.

आता पुन्हा या बेटांवर, आणि २६ डिसेंबर २००४ वर. सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी भूकंप झाला, मग लाटा आल्या. योगायोग असा की भारती प्रसाद या दिल्लीच्या हॅम त्या महिन्यात हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या पथकासोबत पोर्ट ब्लेअरला आल्या होत्या. अंदमानातून हौशी प्रक्षेपणाला अनेक वर्षांनी परवानगी मिळालेली, जगभरचे हौशी या दुर्मिळ खुणेशी बोलायला रांग लावून होते. हॉटेलातलं ते हौसेचं स्टेशन काही वेळात मदतीचं स्टेशन झालं. टेलिफोन कोलमडले असताना त्यांनी आणि सोबत्यांनी ख्यालीखुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले.

तो सगळा आवाजी रेडिओ होता, आणि तेच बरोबर होतं. जे हाताशी होतं ते चाललं. पण मी पेशाने हिशोबी माणूस आहे. समजा दोनशे वाचलेल्या लोकांची यादी पाठवायचीय: नाव, वय, गाव, सध्या कुठे. एका नोंदीची साठ अक्षरं. आवाजावर प्रत्येक नाव अल्फा-ब्राव्हो करत उच्चारायचं, समोरच्याने ते परत वाचून दाखवायचं. एका माणसाला अर्धा मिनिट धरला तरी १०० मिनिटं, तीही दोन्हीकडचा ऑपरेटर न थकता. त्यात एक अक्षर चुकलं की कुणाचा तरी भाऊ जिवंत असूनही यादीत नाही. चेन्नई इथून साधारण साडेतेराशे किलोमीटर, म्हणजे व्हीएचएफ नाही, एचएफवरचा मुंगीचाच वेग. बारा हजार अक्षरं सेकंदाला ३०० बिटांनी साडेपाच मिनिटांत जातात. हरवलेली पाकिटं, पोच, परत पाठवणं धरून तिप्पट करा, पाव तास. आणि जे पोचेल ते अक्षरन् अक्षर बरोबर, किंवा पोचणारच नाही. यादी नेहमी पाकिटाने जावी, धीर आवाजाने. हे माझं मत आहे, आणि आपत्ती-कवायतींमध्ये मी ते कंटाळा येईपर्यंत मांडतो.

१० ऑगस्ट २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालची ऑप्टिकल केबल इथे आली आहे, सुमारे २३०० किलोमीटरची, इतर बेटांनाही जोडणारी. मी हा लेख तिच्यावरूनच पाठवतोय. तिच्या आधीचे दिवस काढलेले इथले लोक तिचं कौतुक करताना थकत नाहीत. तिच्या सवयीने एक मात्र झालंय: निरोप पोचणारच असं गृहीत धरणारी पिढी आली. एका कवायतीत एका नामांकित कंपनीचा तयार डबा चालेना, आणि सोबत आलेल्या तंत्रज्ञाने सांगितलं की सील तोडता येत नाही, माणूस मुख्य भूमीवरून येईल. आम्ही सगळे त्या डब्याकडे पाहत उभे. शेजारी एक तरुण नायक होता, तो पुटपुटला, “आत काय आहे ते तरी बघू द्यायचं ना.”

बघू देणारे लोक आहेत आणि त्यातले काही आपल्याच देशात आहेत. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ मध्ये बिटेक्स हा एचएफ संच काढला, तो मुद्दाम आपल्या बाजारात मिळणाऱ्या भागांतून: टीव्ही अँटेनाच्या बालनचे गाभे, कॉम्प्युटरमधले १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल. जगभरच्या हौशींनी तो बांधला. त्यांचा अलीकडचा एसबिटेक्स हा डिजिटल संच रास्पबेरी पायवर चालतो आणि त्याचा आराखडाही उघडा आहे. टीएनसीचा डबा तर आता उरलाच नाही. डायरवुल्फ नावाचा फुकट प्रोग्रॅम साध्या साउंड कार्डावर तेच काम करतो, आणि बरेचदा जुन्या चिपपेक्षा चांगलं करतो.

त्या नायकाने परीक्षेची पुस्तकं मागवली आहेत. नियमांचा भाग त्याला कंटाळवाणा वाटतो, सर्किट मात्र झपाट्याने समजतात. परवाना येईपर्यंत आम्ही हवेत काही सोडत नाही. वर्कशॉपमध्ये दोन लॅपटॉप, त्यांच्यामध्ये ऑडिओची वायर, आणि एका बाजूला मी मुद्दाम गोंगाट मिसळतो. काल त्याने पाच नंबरचं पाकीट चार वेळा पाठवलं, तेव्हा पलीकडून पोच आली.